प्रतिसाद: लेथवरचा माणूसही संशोधकच
वरती एकांनी लिहिलंय की मेंदूच्या आजारांवरची उपकरणं बनवणं हे बंगळूरच्या मोठ्या लॅबचंच काम. मला नाही पटत. खानापूरच्या माझ्या आत्याला पार्किन्सन आहे. या आजारातला कंप सेकंदाला ४ ते ६ वेळा. आमटी तोंडाऐवजी पदरावर. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्नरने, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कातणाऱ्या कारागिराने, चमच्याला जाड, वजनदार मूठ करून दिली. आत्या म्हणाली, "गुळगुळीत नको रे, ओल्या हातातनं निसटतंय." मग त्याने मुठीवर नर्लिंग मारलं, म्हणजे पकड बसावी म्हणून खरखरीत रेघा उमटवल्या. आता निम्मी वाटी तरी ती आपल्या हाताने खाते. जयपूर फूट हा कृत्रिम पायसुद्धा हाडांचे डॉक्टर सेठी यांच्या जोडीला रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातून घडला. म्हणून अशी उपकरणं बनवायच्या अनुदानाचे अर्ज मराठी-कन्नडमध्ये हवेत, आणि त्यांच्या चाचणीत आत्यासारख्यांना पहिल्या दिवसापासून बसवा.