मदत हवी आहे: गाओकाओच्या इंग्रजी उताऱ्यांचा सराव कसा करून घ्यावा?

निळी छत्री:

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण इथे इंग्रजी शिकवणारे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारे बरेच जण आहेत.

आम्ही चीनमध्ये झेजियांग प्रांतात, शाओशिंगजवळ केचियाओला राहतो. कापडाच्या व्यापारामुळे इथे भारतीय कुटुंबं बरीच आहेत, आम्हीही इचलकरंजीहून त्याच धंद्यापायी आलो. गावी मी ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवायचे. हे कळल्यावर समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी बाईंनी त्यांच्या मुलीचे इंग्रजी उतारे करून घ्याल का म्हणून विचारलं. मुलगी अकरावीत आहे, गाओकाओची, म्हणजे इथल्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे. रोज रात्री उशिरापर्यंत शाळेतच अभ्यास चालतो, त्यामुळे हाताशी फक्त रविवारची दुपार. झेजियांगमध्ये इंग्रजीची परीक्षा दोनदा देता येते, बारावीच्या जानेवारीत आणि मग जूनमध्ये, आणि त्यातले चांगले गुण धरतात. जानेवारीतच इंग्रजी हातावेगळं करावं, असं तिच्या घरच्यांना वाटतं.

पेपर कसा असतो ते आधी सांगते, नाहीतर अडचण कळायची नाही. 150 गुण, दोन तास. गणितालाही 150च आहेत, म्हणजे इंग्रजी हा इथे कसाबसा काढून टाकायचा विषय नाही. त्यातले 50 गुण निव्वळ वाचनाचे. ए, बी, सी, डी असे चार उतारे, त्यांवर 15 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण, सगळे चार पर्यायांचे. शिवाय आणखी एक उतारा असतो, त्यातली पाच वाक्यं काढलेली असतात आणि खाली सात दिलेली असतात. कुठलं कुठे बसतं ते ओळखायचं, दोन उरतात. ए म्हणजे बहुधा माहितीपत्रक किंवा जाहिरात. सी आणि डी विज्ञान, समाज, संशोधन असल्या विषयांवरचे, आणि गाडी अडते ती तिथेच.

मुलगी कष्टाळू आहे. शब्द तर तिला आमच्याकडच्या बारावीच्या मुलांपेक्षा जास्त येतात. साडेतीन हजार शब्दांची यादी इथली मुलं घोकतातच, आणि फारच अवघड शब्द आला तर पेपरात शेजारी कंसात चिनी अर्थ छापलेला असतो. तरीही सी-डीमधले अनुमानाचे आणि मुख्य मुद्द्याचे प्रश्न हमखास चुकतात.

एक उदाहरण देते. 2023 च्या जूनच्या पेपरात डी उतारा होता तो गर्दीच्या शहाणपणावर. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने 1907 साली मांडलं होतं की पुष्कळ लोकांनी आपापल्या मनाने केलेल्या अंदाजांची सरासरी काढली तर ती खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ जाते. दुसऱ्या परिच्छेदात त्याचं कारण येतं. कुणी जास्त धरतो, कुणी कमी, म्हणून चुका एकमेकींना छेद देतात. पण सगळ्यांची चूक एकाच बाजूची असेल तर तसं होत नाही. आता प्रश्न असा की हा परिच्छेद मुख्यतः कशाबद्दल आहे? पर्याय होते अंदाज करायच्या पद्धती, या परिणामामागचं तर्कशास्त्र, लोकांच्या चुकांची कारणं आणि गाल्टनच्या प्रयोगाची रचना. तिने 'चुकांची कारणं' निवडलं. का, तर परिच्छेदात 'एरर' हा शब्द ओळीओळीत आहे! चुका का होतात याबद्दल तिथे एक अक्षर नाही. उत्तर 'तर्कशास्त्र'. मी मराठीत विचार करत असते, ती चिनीत, आणि मधे आमच्या दोघींचं इंग्रजी. 'शब्द दिसला म्हणजे उत्तर नव्हे' हे मी सांगते, ती मान डोलावते, पुढच्या उताऱ्यात पुन्हा तेच.

आपल्या बारावीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्यावर मुलं स्वतःच्या शब्दांत लिहितात, मत मांडतात, त्याला गुण मिळतात. इथे फक्त पेन्सिलीने चौकोन काळा करायचा. त्यामुळे माझी शिकवायची सवय इथे फारशी कामाला येत नाही.

तर विचारायचं आहे ते असं. रविवारच्या दोन तासांत नक्की काय करून घेऊ? तिच्या शाळेतले सर म्हणतात आधी प्रश्न वाचा, मग उतारा. मला ते पटत नाही, पण निकाल त्यांचे चांगले लागतात. आणि पेपरांच्या बाहेरचं वाचायला काय द्यावं? तिचा धीर सुटत चालला आहे हो. परवा उत्तरं तपासताना डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मनापासून काहीतरी करावंसं वाटतं.

जुना फळा:

ताई, आधी तुमचं कौतुक. परक्या मुलुखात शेजारणीच्या लेकीसाठी एवढा जीव लावताय.

मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. माझं मत विचाराल तर उतारे वाढवू नका, कमी करा. उतारे ती शाळेत रोज सोडवतच असेल. रविवारी एकच डी उतारा घ्या आणि पर्याय झाकून ठेवा. प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की तिने एका वाक्यात सांगायचं: हा परिच्छेद इथे *कशासाठी* आलाय? काय लिहिलंय ते नको, काय काम करतोय ते हवं. तुमच्याच उदाहरणात पहिला परिच्छेद ओळख करून देतो, दुसरा कारण सांगतो, तिसरा बहुधा काहीतरी नवं आणतो. तो कारण सांगतोय एवढं तोंडून निघालं की 'तर्कशास्त्र' आपोआप सापडतं. इंग्रजीत जमत नसेल तर चिनीत लिहू दे. तुम्हाला चिनी थोडंफार कळतच असेल.

तळ्याकाठी:

+1. मी पुण्यात एमबीए प्रवेशपरीक्षांच्या वाचनाचे वर्ग घेते, परीक्षा वेगळी असली तरी आजार हाच. फक्त जुना फळा सरांच्या पद्धतीला एक जोड देईन. बरोबर उत्तर का बरोबर, हे विचारणं बंद करा. उरलेले तीन का चूक, हे तिला लिहायला लावा.

चुकीचे पर्याय ठरावीक साच्यातलेच असतात. काहींत उताऱ्यातलेच शब्द उचलून त्यांचं नातं बदललेलं असतं. काही बाहेरच्या जगात खरे असतात, पण उताऱ्यात नसतात. काही एका वाक्यापुरते खरे असतात, पण परिच्छेदाला पुरे पडत नाहीत, आणि काही 'नेहमी', 'फक्त' असे शब्द घालून अती ताणलेले. तुमच्या उदाहरणात 'गाल्टनच्या प्रयोगाची रचना' बघा, प्रयोगाचा उल्लेख आहे तो आधीच्या परिच्छेदात. म्हणजे शेजारच्या परिच्छेदातला माल. 'चुकांची कारणं' म्हणजे शब्द तोच, नातं वेगळं. वहीत चार रकाने आखा आणि प्रत्येक चुकीचा पर्याय कुठल्या रकान्यात जातो ते तिने ठरवायचं. सुरुवातीला एका उताऱ्याला तास लागेल, लागू दे. आपण कुठल्या सापळ्यात पुन्हा पुन्हा अडकतो हे तिचं तिलाच दिसेल, आणि तिच्या नुसत्या मान डोलावण्याचा प्रश्नही मिटेल.

आधी प्रश्न की आधी उतारा? ए उताऱ्याला आधी प्रश्न, बिनदिक्कत. माहितीपत्रकात तिकिटाचे दर शोधायला सगळं वाचायची गरज नाही. सी-डीला मात्र आधी उतारा. प्रश्न आधी वाचले की डोळे शब्द हुडकायला लागतात, आणि तिचा आजार तर तोच आहे. सरांचं म्हणणं चूक आहे असं तिला सांगू नका. उताऱ्यागणिक पद्धत बदलायची, एवढंच सांगा.

पांढरा कोट:

नानजिंगला एमबीबीएस केलं, वर्गातल्या चिनी मित्रांकडून गाओकाओच्या कहाण्या भरपूर ऐकल्यात. वरच्या दोघांचं पटतं, पण वेळेचं विसरू नका. ऐकण्याचा भाग, रिकाम्या जागा, वर शेवटी गोष्ट पुढे लिहायची ती 25 गुणांची. सगळं धरून वाचनाच्या वाट्याला पस्तीसेक मिनिटं येतात. म्हणजे सी-डीला प्रत्येकी आठच्या आसपास. तास तास चिरफाड करायची सवय लागली तर परीक्षेत हात आखडेल.

वाचनासाठी गार्डियनचे विज्ञानाचे लेख द्या. उतारे असल्याच ठिकाणांहून घेऊन सोपे केलेले असतात.

निळी छत्री:

सगळ्यांचे आभार, फार धीर आला. @पांढरा कोट, परदेशी वर्तमानपत्रांच्या बऱ्याच साइट इथे उघडत नाहीत हो. मुलीला आडवाटा दाखवणंही बरं नाही. चायना डेली मिळतो, पण त्यातल्या बातम्या सरळ माहितीच्या असतात, मला हवा तसा वळणं घेणारा मजकूर कमी.

@तळ्याकाठी, रकान्यांची कल्पना लगेच वापरली. गाल्टनचाच उतारा परत घेतला, कारण तिसऱ्या परिच्छेदात खरंच नवं वळण आहे. नव्या अभ्यासात लोकांना छोट्या गटांत चर्चा करू दिली, तर पाच-पाच जणांच्या चार गटांची सरासरी 20 सुट्या माणसांच्या सरासरीपेक्षा बरोबर निघाली. तिला विचारलं, हे वाचून आश्चर्य का वाटायला हवं? बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, चर्चा केली म्हणजे अंदाज स्वतंत्र राहिले नाहीत, आणि दुसऱ्या परिच्छेदाप्रमाणे तर अचूकता घटायला हवी होती. त्यावरचा पुढचा प्रश्न नेमका हेच विचारतो! तो तिने पर्याय न बघता सोडवला. एवढी खूश झाली की आईला बोलवून चिनीत सगळं परत समजावून सांगितलं.

तळ्याकाठी:

वा! दुसरा परिच्छेद समजला म्हणून तिसऱ्याचं आश्चर्य वाटलं. आठवडाभराच्या शाळेच्या सरावात हेच एक धरून ठेवायला सांगा: 'पण', 'तरीही', 'मात्र' आलं की थांबायचं आणि आधी काय म्हटलं होतं ते आठवायचं.

वेळेबद्दल पांढरा कोट यांचा मुद्दा रास्त आहे. एक उतारा घड्याळ लावून आठ मिनिटांत सोडवू दे, मग त्याचीच सावकाश चिरफाड. दोन्ही सवयी शेजारी शेजारी लागतात.

आणि सगळं छापील कागदावर करा, फोनवर नको. योगायोग म्हणजे 2024 च्या त्याच परीक्षेचा सी उतारा यावरच आहे. अनुमान काढायला लागतं तिथे कागदावरचं वाचन स्क्रीनपेक्षा सरस ठरतं, असं त्यात मांडलंय. पुढच्या रविवारी तोच द्या. बाहेरचं वाचन मिळत नसेल तर जुन्या वर्षांचे सी-डी उतारेच प्रश्न कापून टाकून नुसते वाचायला द्या. गुणांची टांगती तलवार नसली की मुलं मजकूर वाचतात.

जुना फळा:

ताई, सातातून पाच वाक्यं निवडायच्या उताऱ्याबद्दल राहूनच गेलं. तिथेही 'काय काम' हाच प्रश्न. रिकामी जागा परिच्छेदाच्या सुरुवातीला असेल तर ते वाक्य बहुधा मथळ्याचं काम करतं, शेवटी असेल तर आवरतं घेतं, मधे असेल तर मागचं पुढच्याला जोडतं. 'हे', 'ते', 'असे' आलं की ते कुणाकडे बोट दाखवतंय ते शोधायचं. आणि एकदा उलटं करून बघा. साधासा उतारा घेऊन पाच वाक्यं तिलाच काढू दे, दोन फसवी वाक्यंही तिनेच रचावीत, आणि तुम्ही सोडवा. फसवं वाक्य रचताना ते कसं फसवतं हे हातातून उतरतं. माझ्या वर्गात मुलं यासाठी मधली सुट्टीही सोडायची.

निळी छत्री:

हे तर तिला नक्कीच आवडेल, मला अडवायला मिळालं तर! या रविवारी आधी घड्याळ लावून 2024 चा सी, मग रकाने, आणि वेळ उरला तर तिने रचलेला उतारा मी सोडवते. कसं झालं ते इथेच लिहीन. गोष्ट पुढे लिहायच्या 25 गुणांसाठी वेगळा धागा काढते, त्यातही अडचणी आहेतच.