पश्चिममुखी दुकान-ऑफिस इमारत : ११ लाख जास्त घालावेत का?

सातरस्ता

नमस्कार. सोलापुरात ४० बाय ७० च्या प्लॉटवर तळमजला अधिक दोन मजले बांधायचे आहेत. खाली आमचं कापड दुकान, वर भाड्यानं ऑफिसं. रस्ता पश्चिमेला. साधारण ६,००० चौरस फूट बांधकाम, एस्टिमेट १ कोटी ३५ लाख.

आर्किटेक्टनं दुसरं एस्टिमेटही दिलंय, ११ लाखांनी जास्त. त्यात एएसी ब्लॉक (विटेऐवजी लावायचे हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे), गच्चीला इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर, दुहेरी काच आणि १० किलोवॉट सोलर आहे. दोन्हींत वरच्या दोन मजल्यांचा दर्शनी भाग पूर्ण काचेचा, ३० बाय २० फूट.

आण्णा म्हणतात, "वरचं लाइटबिल भाडेकरू भरणार. त्यासाठी आपण कर्ज कशाला वाढवायचं?" मला उत्तर देता आलं नाही. कुणी स्वतः बांधून नंतर बिलं बघितली असतील तर कृपया सांगा.

तापीकाठ

मी जळगावचा. दोन इमारती बांधल्या, पहिली २००६ ला, दुसरी २०१६ ला. पहिलीत तुमच्यासारखीच पश्चिमेला काच लावली. हौस माझीच होती, आर्किटेक्टनं नको म्हटलं होतं. दोन्हीकडे १,२०० चौरस फुटांचं एकेक ऑफिस आहे, माणसं सारखीच, वेळही तीच. गेल्या मे महिन्यात जुन्यातलं बिल १९ हजारांच्या वर गेलं, नव्यातलं ११ हजारांच्या आत राहिलं. मी दोघांकडून दर मेची बिलं मागून घेतो आणि वहीत लिहून ठेवतो.

आता तुमची काच. ६०० चौरस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. मे महिन्यात दुपारी चारनंतर पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन सहज पडतं आणि साधी काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत सोडते. म्हणजे २२ किलोवॉट उष्णता आत. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. हिशेब करा, सहा टनांहून जास्त एसी फक्त त्या काचेसाठी लागणार! तो विकत घ्यायचा, त्याची वायर जाड टाकायची, मंजूर भार वाढवून घ्यायचा आणि मग एसी बंद असला तरी स्थिर आकार भरत राहायचा. तुमच्या ११ लाखांच्या शेजारी हा खर्च मांडलेला आहे का? आर्किटेक्टला विचारा.

छज्जा काढू म्हणाल, तर पश्चिमेला त्याचा भरवसा नाही. साडेचारला सूर्य इतका उतरलेला असतो की चार फुटी छज्जा जेमतेम सव्वादोन फूट सावली देतो. नव्या इमारतीत मी पश्चिमेला जिना, लिफ्ट आणि स्वच्छतागृहं नेली. उरलेल्या भागात दीड फूट पुढे उभ्या पट्ट्यांची जाळी आणि आतल्या भिंतीला छोट्या खिडक्या. पाट्या जाळीवरच लावल्या, लांबून छान दिसतात. तुमच्या दुकानाला समोरून काच हवीच, तर ती सहा-सात फूट आत घ्या आणि पुढे ओसरी सोडा. गिऱ्हाईकही उन्हात उभं राहत नाही.

दुहेरी काच घालण्यापेक्षा काचच निम्मी करा. गच्चीचं इन्सुलेशन मात्र सोडू नका, वरचा मजला त्याच्यावरच भाड्यानं जातो. कोब्यावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर, करा आणि धूळ बसली की धुऊन घ्या, मळला की त्याचा उपयोग निम्मा होतो.

सोलर नंतरही बसवता येतं. आत्ता फक्त वायरसाठी नळी टाकून ठेवा आणि हजार चौरस फूट सावली न पडणारी जागा राखा, टाकी तिच्या उत्तरेला घ्या. घरांना मिळतं ते केंद्राचं अनुदान व्यापारी मीटरला नाही, हेही धरा. तरी १० किलोवॉट दिवसाला सरासरी ४० युनिटच्या आसपास देतं. ती वजावट तुमच्या मीटरवर होईल, भाडेकरूच्या नाही. म्हणून आधी दुकानाचं वर्षभराचं बिल बघा आणि तेवढंच बसवा. भिंत, गच्ची आणि खिडकी पुन्हा बांधता येत नाही. कर्जाचा पैसा तिथे आधी जाऊ द्या.

गिलावा

साइट इंजिनिअर म्हणून थोडी भर घालते. एएसी ब्लॉकचं वजन घनमीटरला ५५० ते ६५० किलो, विटेच्या जवळपास एक तृतीयांश. पण स्टील वाचायचं असेल तर स्ट्रक्चरल डिझाइन होण्याआधी सांगा. ड्रॉइंग विटेच्या वजनावर काढून मग ब्लॉक लावले तर सळईत एक रुपया वाचत नाही. असं झालेलं मी दोनदा बघितलंय, जीव तुटतो.

कॉलम आणि भिंत मिळते तिथे गिलाव्याआधी जाळी मारून घ्या, नाहीतर तडे जातात. आणि तुमचं कापड दुकान आहे! गठ्ठ्यांनी भरलेले रॅक ब्लॉकच्या भिंतीत साध्या खिळ्यावर राहणार नाहीत. रॅकच्या भिंती आत्ताच ठरवा, तिथे आरसीसीची पट्टी घ्या.

आण्णांना पुरावा हवा असेल तर हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसनं एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले होते. एकात नेहमीचं एसी, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी. दोन वर्षं मोजलं, तर दुसऱ्या भागाला एसीची वीज सुमारे एक तृतीयांश कमी लागली आणि बांधायचा खर्चही वाढला नाही. पण दोन्ही भागांत भिंती-खिडक्यांतून येणारं ऊन आधी अडवलेलं होतं. छोट्या इमारतीत त्या नळ्या नकोत, ऊन अडवण्याचा भाग मात्र जसाच्या तसा घ्या.

ताळेबंद

आण्णांच्या प्रश्नाचं उत्तर भाडेकरू म्हणून मी देते. मी सीए आहे, पुण्यात ऑफिस भाड्यानं घेते. जागा बघताना मी भाडं आणि लाइटबिल एकत्र धरून चौरस फुटाचा दर काढते. आधीची जागा चौरस फुटाला चार रुपयांनी स्वस्त होती, बिल धरल्यावर महाग निघाली. समोरची काच उघडायची सोयच नव्हती. वीज गेली की आम्ही फायली घेऊन जिन्यात बसायचो, तेही रिटर्नच्या दिवसांत. अकरा महिन्यांनी सोडली, आणि मालकाची जागा पुढे पाच महिने रिकामी होती. त्या पाच महिन्यांचं भाडं आण्णांनी त्यांच्या हिशेबात धरावं. उघडणाऱ्या खिडक्या ठेवा, जमलं तर समोरासमोर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही आता पंख्यावर काढतो.

सातरस्ता

मनापासून आभार, काका आणि दोघी ताई. रात्री आण्णांना सगळं वाचून दाखवलं. एसीच्या टनांपर्यंत ते गप्प होते. ओसरीचं आलं तेव्हा म्हणाले, "आपल्या जुन्या माळवदाच्या घरात मे महिन्यात दुपारी पांघरूण घेऊन झोपायचो. भिंत दोन हात जाड होती."

आज आर्किटेक्टकडे जाऊन आलो. जिना पश्चिमेला घेतलाय, काच ६०० वरून २२० चौरस फुटांवर आली आणि दुहेरी काच काढली. सोलर पुढच्या वर्षी, आत्ता फक्त नळी. जास्तीचे ११ लाख आता चारच्या आत आलेत, आणि त्यात एसी कमी लागेल तो अजून वजा केलेला नाही. स्ट्रक्चरल ड्रॉइंग थांबवलंय, ब्लॉकचं वजन धरून नव्यानं होईल.

एकच अडलंय. ओसरीसाठी दुकानाची सात फूट जागा जाते आणि आण्णांना तिथे शटर पुढेच हवंय. काका, तुम्ही शटर कुठे घेतलं?

तापीकाठ

आत, काचेच्या रेषेत. ओसरीला पुढे फक्त जाळीचं सरकतं दार, रात्रीपुरतं. सकाळी फोटो टाकतो.