प्रतिसाद: चौरस इमारतच किफायतशीर का?

वर कुणी म्हटलंय की तेवढ्याच जागेसाठी चौरस इमारतीला बाहेरच्या भिंती कमी लागतात, त्यांतून उष्णतेची ये-जा कमी होते, म्हणून वीजही कमी. थंड प्रदेशात हे पटतं, तिथे आतली ऊब राखायची असते. उष्ण कटिबंधात मात्र ऊन कुठल्या बाजूने येतं हे आधी बघायला हवं. २० बाय २० मीटरऐवजी ४० बाय १० घ्या, लांबी पूर्व-पश्चिम. भिंतींची लांबी ८० वरून १०० मीटर होते, पण पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंती निम्म्या होतात. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन त्यांच्यावरच पडतं आणि ते साध्या छज्ज्याने अडत नाही! शिवाय रुंदी कमी असली की वारा आरपार खेळतो. दमट हवेत याचं मोल फार मोठं. छताचं तर बोललंच नाही कुणी. दुपारचा सगळा मारा तिथेच, म्हणून तेवढीच जागा दोन मजल्यांत बसवली तर तापणारं छत निम्मं होतं.