कमिशन नाही म्हणजे स्वस्त, असे नाही
बॅकराट या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळात कमिशन नसलेले टेबल खेळणाऱ्याला स्वस्त पडते, हे मत आकडेमोडीत टिकत नाही. यात ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ या दोन हातांपैकी कोणता जिंकेल यावर पण लावतात. पत्त्यांच्या आठ जोडांच्या नेहमीच्या बॅकराटमध्ये ‘बँकर’च्या जिंकीवर ५ टक्के कमिशन कापूनही कॅसिनोची सरासरी कमाई पणाच्या १.०६ टक्केच राहते. ‘प्लेअर’वर ती १.२४ टक्के असते. याउलट, जिथे कमिशन माफ करून बँकर ६ गुणांवर जिंकल्यास जिंकीचे निम्मेच पैसे (१०० च्या पणावर ५०च) देतात, तिथे शंभरात साधारण पाच डाव तसे निघतात आणि कमाई १.४६ टक्क्यांवर जाते. एकास आठ देणाऱ्या ‘टाय’चे, म्हणजे बरोबरीवरच्या पणाचे, तर बोलायलाच नको; तिथे १४ टक्क्यांहून अधिक जातात.