'टिंग' : सभा, खटला की वस्तू?

अनुस्वार

डेन्मार्कच्या संसदेला फोल्केटिंग म्हणतात, नॉर्वेच्या संसदेला स्टोर्टिंग आणि आइसलँडच्या संसदेला अल्थिंग. या तिन्ही नावांत जो 'टिंग' किंवा 'थिंग' आहे, त्याचा डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांतला रोजच्या बोलण्यातला अर्थ मात्र 'वस्तू' असा आहे, आणि इंग्रजीतला 'थिंग' हा त्याच कुळातला शब्द आहे. माझ्या मते यांत 'सभा' हा अर्थ आधीचा आहे. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीवरील हाउसस्टेड्स या रोमन ठाण्यात फ्रिशियन या जर्मानिक जमातीच्या सैनिकांनी तिसऱ्या शतकात 'मार्स थिंक्सुस' या देवाला वेदी अर्पण केली होती, आणि हा सभेचा रक्षणकर्ता देव असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. सभा, मग सभेपुढचे प्रकरण, मग कोणतेही प्रकरण आणि शेवटी कोणतीही वस्तू, असा हा प्रवास आहे. लॅटिनमधल्या 'काउसा' म्हणजे खटला या शब्दापासून इटालियनमध्ये 'कोसा' म्हणजे वस्तू हा शब्द झाला, तोही याच वाटेने.

उघड्या माळावर जमून, बोलून तंटा मिटवण्याची उत्तरेकडची रीत या शब्दासोबत आजच्या संसदांपर्यंत पोहोचली आहे, असे माझे ठाम मत आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे.

तळटीप

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल माझा वाद नाही, परंतु तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. थिंगवेल्लिर येथे ९३० च्या सुमारास सुरू झालेले अल्थिंग १८०० मध्ये बरखास्त झाले. १८४३ च्या राजाज्ञेने त्याची पुन्हा स्थापना झाली तेव्हा ते रेक्याविकमध्ये भरू लागले आणि त्याला राजाला सल्ला देण्यापलीकडे अधिकार नव्हता. स्टोर्टिंग हे नाव १८१४ च्या नॉर्वेच्या राज्यघटनेतले आहे, तर फोल्केटिंग हे १८४९ च्या डॅनिश घटनेतले. नव्या संस्थांना वजन यावे म्हणून जुना शब्द जाणीवपूर्वक उचलला गेला. नाव टिकले म्हणून संस्था टिकली, असे होत नाही.

स्वीडनकडे पाहिले तर हे अधिकच स्पष्ट होते. तिथली संसद 'रिक्सडाग' आहे आणि 'टिंग' न्यायालयाकडे गेला आहे. जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांना १९७१ पासून 'टिंग्सरेट' म्हणतात. शिवाय जुने अल्थिंग म्हणजे सर्वांची सभा, हे चित्रही गोड आहे. तिथे निर्णय 'गोदी' म्हणजे सरदारांच्या हाती असत. स्त्रियांना आणि गुलामांना त्यात मत नव्हते.

वेलांटी

अनुस्वार यांनी 'सभा' हा अर्थ पहिला मानला आहे, पण त्याच्याही मागे जाता येते. गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतला 'थैह्स' हा याच कुळातला शब्द 'काळ, वेळ' या अर्थाचा आहे. म्हणजे आधी ठरलेली वेळ, मग त्या वेळी जमलेली माणसे, असा क्रम बहुधा असावा. सभेला मूळ म्हणायचे, तर ते मधल्या टप्प्यालाच मूळ म्हणणे झाले.

सभेकडून वस्तूकडे जाणाऱ्या वाटेबद्दल मात्र मी त्यांच्या बाजूने आहे आणि त्यासाठी लॅटिनपर्यंत जाण्याची गरज नाही. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गाईंचे आवार, ज्यावरून आपला 'गोठा' आला. 'गोष्ठी' म्हणजे मंडळींची बैठक आणि तिथला संवाद. आणि मराठीत 'गोष्ट' म्हणजे कथा, बाब आणि वस्तूही. 'ही एक गोष्ट लक्षात ठेवा' असे म्हणताना आपल्यालाही बैठक आठवत नाही.

नॉर्वेजियनमध्ये हे दोन अर्थ लिंगभेदाने वेगळे ठेवले आहेत: 'एन टिंग' म्हणजे वस्तू आणि 'एट टिंग' म्हणजे सभा. आइसलँडिकमध्ये वस्तूसाठी 'ह्लुतुर' हा निराळाच शब्द रूढ झाल्यामुळे 'थिंग' सभेसाठी मोकळा राहिला. स्वीडिशमध्ये रोजच्या वापरात वस्तूला 'साक' म्हणतात आणि गंमत म्हणजे त्याचाही जुना अर्थ खटला असाच आहे.

अनुस्वार

तळटीप यांनी स्वीडनचे उदाहरण माझ्या विरोधात दिले आहे, पण मला तो माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. जुन्या टिंगमध्ये कायदा करणे आणि न्याय देणे हे एकाच जागी चाले. अल्थिंगमध्ये कायदा लिहिलेला नसे तेव्हा 'लोगसोगुमाधुर' म्हणजे कायदा सांगणारा अधिकारी दर उन्हाळ्यात एकतृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणून दाखवी, म्हणजे तीन वर्षांत सगळा कायदा लोकांच्या कानावरून जाई, आणि त्याच मैदानावर खटलेही चालत. पुढे ही कामे वेगळी झाली, तेव्हा नॉर्वेमध्ये शब्दाला दोन्ही वाटे मिळाले: संसद स्टोर्टिंग आणि बर्गनच्या अपील न्यायालयाचे नाव गुलाटिंग. निव्वळ शोभेसाठी उचललेला शब्द इतक्या जागी रुजत नाही.

खंड पडल्याचा मुद्दा सगळीकडे लागूही होत नाही. मॅन बेटावरच्या 'टिनवाल्ड' या संसदेचे नाव 'थिंगचा माळ' याच अर्थाचे आहे, आणि सेंट जॉन्स येथील टेकडीवर दर वर्षी ५ जुलैच्या सुमारास तिची बैठक उघड्यावर भरून नव्या कायद्यांची नावे आणि सारांश मँक्स व इंग्रजीतून लोकांपुढे वाचले जातात.

तळटीप

टिनवाल्ड मी मान्य करतो, तरी उघड्यावर भरणे आणि सर्वांचे असणे यांत मी फरक करीन. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला वार्दो येथे सतराव्या शतकातल्या चेटूकखटल्यांत ठार झालेल्या ९१ जणांचे स्मारक आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि काही सामी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातले, पुरुषही होते. फिनमार्क या त्या उत्तरेकडच्या प्रांतातले हे खटले ज्या स्थानिक न्यायसभांपुढे चालले, त्यांचेही नाव 'टिंग'च होते. त्या काळच्या सामी माणसाला हा शब्द ऐकून संसद नव्हे, राजाचा अधिकारी आठवला असता. १९८९ मध्ये नॉर्वेत सामी लोकांची स्वतःची निवडून दिलेली सभा उभी राहिली, तेव्हा तिचे नाव नॉर्वेजियनमध्ये 'सामेटिंगेट' आणि उत्तर सामीत 'सामेदिग्गी' असे ठेवले गेले, आणि त्यातला 'दिग्गी' हा 'टिंग'वरूनच उसना घेतलेला आहे. त्या शब्दाला तिथे मिळालेला 'आपली सभा' हा अर्थ माळावरून वारशाने आलेला नाही. सामी लोकांनी तो मागून, झगडून मिळवला आहे.