अनुभव धागा : घराच्या अर्जातलं ‘कौटुंबिक उत्पन्न’ तुम्ही कसं काढलं?

नागपुरात म्हाडा, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास), एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा प्रधानमंत्री आवासच्या घरासाठी ज्यांनी अर्ज केला असेल त्यांनी इथे लिहावं. लॉटरी लागली की नाही, तो विषय वेगळा. उत्पन्नाच्या रकान्यात कोणता आकडा टाकला, कोणाकोणाचा धरला आणि कोणत्या कागदावरून, तेवढं सांगा.

सगळ्यांना लागणारी माहिती आधीच देतो. म्हाडाच्या २०२२ च्या मर्यादांमध्ये नागपूर महानगर क्षेत्र मुंबई-पुण्याच्या रांगेत आहे : वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प उत्पन्न गट, ९ पर्यंत अल्प, १२ पर्यंत मध्यम, त्यावर उच्च. प्रधानमंत्री आवासमध्ये मात्र अत्यल्पची रेघ ३ लाखांवर. म्हणजे साडेचार लाख कमावणारा एका अर्जात अत्यल्प गटातला असतो आणि दुसऱ्यात नसतो. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मिहानचा प्रवासी

आमच्या ऑफिसात जो तो सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला माणसामागे पडणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या, भाषेत बोलतो. माझ्या ऑफर लेटरवर ६.४० लाख होते, पण त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली. फॉर्म १६ वर (कंपनी देते तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) पगार निघाला ५.७२ लाख. वाटलं, चला, अत्यल्पमध्ये बसलो. पण बायको घरी शिकवण्या घेते आणि रीतसर आयकर विवरणपत्र भरते, तिचे १.१० लाख. म्हाडा नवरा-बायकोचं मिळून धरते. झाले ६.८२, म्हणजे अल्प गट.

एका मित्राने सुचवलं, वहिनींचं दाखवूच नको. अरे बाबा, नोंदणी करतानाच दोघांचे आधार आणि पॅन द्यावे लागतात! लपवणार कुठे?

आणि एक. हातात येणाऱ्या पगाराला बाराने गुणू नका. पीएफ, सोसायटीचा हप्ता, गाडीचा ईएमआय कापून खात्यात जे जमा होतं ते तुमचं उत्पन्न नाही, ती उरलेली रक्कम आहे. आमच्याकडे दोघातिघांनी तसंच लिहिलं होतं.

संत्र्याच्या गावचा

भाऊ, आमचं तं वेगळंच झालं. बाबाची काटोलकडे पाच एकर बाग. मी नागपुरात लॅब टेक्निशियन, लग्न व्हायचं हाये. विवरणपत्र कधी भरलं नव्हतं, म्हणून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढाले गेलो. सेतू केंद्रावरचा (दाखले मिळतात तिथला) पोरगा म्हणे, रेशनकार्ड एकच हाये, बाबाचा सातबारा आणा, तलाठ्याचा अहवाल आणा. मी म्हटलं, अर्ज माह्या नावानं, घर माह्या नावानं, बाबाची बाग काऊन मोजता? तो म्हणे, दाखल्यावर पूर्ण कुटुंबाचंच येते. त्याचंही खोटं नव्हतं. तो दाखला शाळेच्या फीमाफीपासून सगळ्यालेच लागते, त्यात एका छताखालचे सगळे येतात. म्हाडाच्या अर्जात मात्र अर्जदार आन् त्याची बायको नाही तं नवरा, बस. बाबा त्यात येतच नाही.

शेवटी सीएने सोपा रस्ता दाखवला. म्हणे, तुमचं स्वतःचं विवरणपत्र भरा. कर लागत नसला तरी भरता येते, जुलैची तारीख हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं भरता येते. म्हाडाले दाखला नाही तं विवरणपत्र, दोन्हीपैकी एक चालते. तेच जोडलं.

मिहानचा प्रवासी

बाग तुमच्या नावावर असती तर?

संत्र्याच्या गावचा

मंग विवरणपत्रात करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवा लागली असती. कर नाही म्हणजे लिहाचंच नाही, असं नसते.

गांधीबाग

कापडाचं लहान दुकान आहे. वर्षाची विक्री २४ लाख म्हटलं की नातेवाइकांना मी श्रीमंत वाटतो. विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे, हे समजावता समजावता घसा कोरडा पडतो.

१९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीत लहान धंद्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता नफा दाखवता येतो. रोख विक्रीवर किमान ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या पैशावर किमान ६. माझी १४ लाख रोख, १० लाख ऑनलाइन. म्हणजे १.१२ लाख आणि ६० हजार, मिळून १.७२ लाख. एका सल्लागाराने सांगितलं, एवढंच दाखवा, ३ लाखांच्या आत राहाल, केंद्राचं अनुदानही मिळेल.

मला ते पटलं नाही, आणि त्यात साधुत्वाचा काही भाग नव्हता. एक म्हणजे ते टक्के किमान आहेत. खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो. दुसरं, घर लागल्यावर कर्ज कोण देणार? बँक तेच विवरणपत्र समोर ठेवते. महिन्याला चौदा हजार कमावणाऱ्याला ती किती हप्ता झेपेल म्हणेल? खरा नफा ३.९० लाख होता, तो दाखवला, म्हाडाच्या अत्यल्पमध्ये आरामात बसलो आणि कर्जाचं बोलणंही सरळ झालं. आमच्या लाइनीत दोघांना घर लागलं होतं, पण कर्ज न झाल्यामुळे सोडावं लागलं. कागद तेवढे ‘गरीब’ होते.

महालातली लेक

आमच्या घरी चूल एक, माणसं अकरा, रेशनकार्ड केशरी. त्या कार्डाची १ लाखाची मर्यादा १९९९ ची आहे. आज त्या आकड्यात कोण बसतं ते सोडून द्या, पण तो आकडा घराच्या अर्जात उतरवणारी माणसं मी पाहिली आहेत.

मी अविवाहित आहे, नोकरी करते. प्रधानमंत्री आवासच्या व्याख्येत नवरा, बायको आणि अविवाहित मुलं असं कुटुंब धरतात, त्यामुळे सगळे म्हणाले की तू वडिलांच्या कुटुंबात, आणि त्यांचं तर पक्कं घर आहे. पण २०१५ च्या योजनेत नंतर सुधारणा झाली होती. कमावती सज्ञान व्यक्ती, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब धरता येत होती. अट एकच, तिच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. मी तो परिच्छेद छापूनच सोबत नेला होता. मग माझा एकटीचा पगार धरला.

कोराडी रोड

माझा प्रश्न आहे. त्या वर्षी पगारवाढीची जुनी थकबाकी एकदम मिळाली आणि दोघांचं मिळून ९ लाखांच्या वर गेलं. थकबाकीवर मिळणारी आयकराच्या कलम ८९ ची सवलत घेतली होती, तरी मध्यममध्येच का टाकलं?

गांधीबाग

ती सवलत करात मिळते. उत्पन्न कमी होत नाही. ज्या वर्षी पैसा हाती आला त्या वर्षाच्या आकड्यात तो राहतोच.

कोराडी रोड

मग पुढच्या जाहिरातीपर्यंत थांबू? यंदा आकडा परत साडेआठवर आला आहे.

मिहानचा प्रवासी

जाहिरातीत कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न मागितलं आहे ते आधी बघा, त्याच वर्षाचं लागतं. आणि कागद जोडताना वर नीट वाचा. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या विवरणपत्रावर निर्धारण वर्ष (कर ठरवण्याचं वर्ष) २०२५-२६ छापलेलं असतं, त्यामुळे लोक हमखास एक वर्ष पुढचं किंवा मागचं जोडतात.