मदत हवी आहे: फोनचा पिन पोलिसांना द्यावाच लागतो का?

भाचा पुण्यात दोन रूममेट्ससोबत फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला वॉरंटशिवाय झडती झाली. एका रूममेटच्या कॉटखालच्या निळ्या सॅकमध्ये गांजाची पुडी सापडली, तो अटकेत आहे. सॅक त्याचीच, आत त्याचं कॉलेजचं ओळखपत्र होतं आणि पंचनाम्यात तसं लिहिलंय. भाच्याचं नाव एफआयआरमध्ये नाही, नोटीस देऊन चौकशीला बोलावतात. पण त्याचा मोबाइल जप्त केलाय आणि पिन मागताहेत.

वकील दिलेत. सूर्यास्तानंतर अशी झडती घ्यायची तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) कलम ४२ प्रमाणे अधिकाऱ्याने कारणं नोंदवावी लागतात. ती नोंद आणि झडतीचं चित्रीकरण (बीएनएसएस, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १०५) मागणार आहोत. पण झडती बेकायदा ठरली म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पूरनमल खटल्यापासून (१९७४) ठरलेलं, त्यामुळे त्यावर विसंबून नाही.

अडलंय ते पिनवर. राज्यघटनेच्या कलम २०(३) च्या (स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही) मजकुरात संरक्षण 'आरोपी'ला आहे. भाचा अजून आरोपीही नाही. शिवाय पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलंय. दिल्लीच्या सीबीआय न्यायालयाने २०२२ मध्ये नेमकं उलट. फोनमध्ये रूममेटशी रोजच्या गप्पा आहेत. एखाद्या ओळीवरून 'याला सगळं माहीत होतं' असा अर्थ काढतील, याची मला खरंच धास्ती वाटते.

महाराष्ट्रात अशी प्रकरणं हाताळलेल्यांनी कृपया सांगा: चौकशीला हजर राहून पिन द्यायला लेखी नकार दिला, तर तो असहकार धरून अटक होऊ शकते का?